मेक्सिकोत सायकल आणि मासात्लानचा मुक्काम

मेक्सिकोच्या नकाशात डाव्या हाताला जमिनीची एक लांब, चिंचोळी पट्टी मुख्य देशापासून सुटून समुद्रात उतरलेली दिसते. हे बाहा कॅलिफोर्नियाचे द्वीपकल्प. पश्चिमेला प्रशांत महासागर, पूर्वेला कोर्तेसचा समुद्र आणि मध्ये साधारण बाराशे किलोमीटर लांबीचे वाळवंट नि डोंगर. १९७३ पर्यंत या पट्टीतून टोकापर्यंत जाणारा सलग डांबरी रस्ता नव्हता. त्या वर्षी एक क्रमांकाचा महामार्ग पूर्ण झाला. त्यावरून आधी ट्रक धावू लागले, मग अमेरिकी पर्यटकांच्या मोटारी, आणि त्यांच्यामागून सायकली. अलास्का किंवा कॅनडाहून दक्षिणेकडे निघालेले कितीतरी सायकलस्वार मेक्सिकोत याच रस्त्याने शिरतात. ते ला पास शहरापर्यंत पेडल मारत येतात, तिथून रात्रीच्या बोटीने समुद्र ओलांडतात आणि दुसऱ्या दिवशी मासात्लानच्या धक्क्यावर उतरतात.

मेक्सिकोत पहिल्यांदा सायकल नेणाऱ्याने हाच मार्ग धरावा. मुख्य भूमीवर रस्त्यांचे जाळे आहे. कुठला रस्ता सुरक्षित, कुठला ट्रकांनी गजबजलेला, हे ठरवण्यातच नवखा माणूस दमतो. बाहात रस्ता एकच. वाट चुकायची भीती नाही, पुढच्या गावाची खबर समोरून येणारा कुणीही देतो, आणि हिवाळ्यात दर दोन-चार दिवसांनी दुसरा सायकलस्वार भेटतोच.

तिहुआनापासून ला पासपर्यंतचे अंतर दीड हजार किलोमीटरच्या आसपास भरते. ‘रोज किती किलोमीटर मारायचे?’ या प्रश्नाने नियोजनाची सुरुवात करणारे इथे हमखास फसतात. बाहात आधी पाणी मोजायचे, मग वारा, मग रस्त्याची कड, आणि या तिघांनी जेवढी परवानगी दिली तेवढे किलोमीटर.

आधी कागदपत्रे

भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा व्हिसा लागतो. मात्र अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन देशांचा चालू व्हिसा असेल, किंवा तिथले कायम वास्तव्याचे कार्ड असेल, तर पर्यटनासाठी वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. सॅन होजे किंवा सॅन दिएगोला नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींना म्हणूनच ही सफर फार जवळची आहे: डिसेंबरची सुट्टी, गाडीच्या मागे सायकल आणि एका दिवसात सीमा. पण पासपोर्टवरचा अमेरिकी शिक्का संपलेला असेल आणि अमेरिकेतले वास्तव्य केवळ मंजुरीच्या कागदावर चालू असेल, तर मेक्सिकोची सवलत मिळत नाही. परत अमेरिकेत शिरण्याचे नियमही वेगळे लागतात आणि ते वरचेवर बदलतात. निघण्यापूर्वी कंपनीच्या वकिलाला एक फोन करणे शहाणपणाचे.

जमिनीवरच्या सीमेवर आणखी एक गंमत आहे. सायकल हाताने ढकलत माणूस मेक्सिकोत सहज शिरू शकतो. कुणी हटकेलच असे नाही. तरी इमिग्रेशनची कचेरी शोधून प्रवेशाचा शिक्का घ्यावाच. जास्तीत जास्त १८० दिवस मिळू शकतात, पण नेमके किती द्यायचे हे खिडकीमागचा अधिकारी ठरवतो. तेव्हा हातात पडलेला आकडा तिथल्या तिथे वाचून पाहावा. शिक्का नसल्याचा त्रास आत येताना होत नाही, महिन्याभराने विमानतळावर होतो.

तिहुआना हे सायकल घेऊन शिरायला त्रासदायक शहर आहे. त्याच्या पूर्वेला तेकाते नावाचे लहान सीमागाव आहे. तिथून द्राक्षमळ्यांच्या ग्वादालुपे खोऱ्यातून एन्सेनादाला उतरता येते. हा रस्ता डोंगराळ आहे, पण पहिल्याच दिवशी महानगराच्या वाहतुकीशी झुंज देण्यापेक्षा चढ परवडला. कचेरीच्या वेळा तेवढ्या आधी पाहून ठेवाव्यात.

ऋतू आणि दिशा

नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम. उन्हाळ्यात कोर्तेसच्या बाजूला पारा चाळिशी ओलांडतो, आणि पूर्व प्रशांत महासागरातील चक्रीवादळांचा अधिकृत मोसम मे महिन्याच्या मध्यापासून नोव्हेंबर अखेरपर्यंत चालतो. हिवाळ्यात वारा मुख्यत्वे वायव्येकडून वाहतो, म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेला जाणाऱ्याच्या पाठीवर. दक्षिणेकडून वर येणारे सायकलस्वार वाटेत भेटतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरूनच दिशा ओळखता येते.

हिवाळ्याची एक अडचण आहे. दिवस लहान असतो, डिसेंबरात उजेड जेमतेम दहा-साडेदहा तास. अंधारात एक क्रमांकाच्या महामार्गावर सायकल चालवायची नाही, हा नियम कुठल्याही कारणाने मोडू नये. त्यामुळे सकाळी उजाडताच निघणे आणि दुपारी तीन-साडेतीनला मुक्कामाचा विचार सुरू करणे, एवढी शिस्त लागते. रात्री वाळवंटात थंडीही चांगली पडते. स्लीपिंग बॅग घरी ठेवून ‘मेक्सिको म्हणजे गरमच’ असे म्हणणाऱ्यांनी वाटेतल्या काताविन्याजवळ एक रात्र काढून पाहावी.

एल रोसारिओच्या पुढे

एन्सेनादा, सान किंतिन, एल रोसारिओ हा पहिला टप्पा गावांनी भरलेला आहे. शेतमालाचे ट्रक, धूळ, कुत्री आणि दुकाने, सगळेच भरपूर. महाराष्ट्रातल्या हमरस्त्यांवर सायकल चालवलेल्या माणसाला इथे फारसे नवे काही वाटणार नाही.

खरी सफर एल रोसारिओला सुरू होते. तिथे रस्ता समुद्र सोडून आत वळतो. पुढचे काताविन्या हे छोटेसे ठिकाण सुमारे १२० किलोमीटरवर आहे, आणि तिथून गेरेरो नेग्रो शहर आणखी सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे. या साडेतीनशे किलोमीटरमध्ये बँक नाही, बऱ्याच भागात मोबाईलला रेंज नाही आणि सायकलचे दुकान तर नाहीच. मध्ये एखादा रान्चो किंवा ट्रकवाल्यांची खानावळ लागते. तिथे गरम जेवण मिळते, विचारले तर अंगणात तंबू ठोकू देतात. पण नकाशावर दिसणारी खानावळ त्या दिवशी उघडी असेलच, या भरवशावर पाणी कमी घेऊ नये.

हिशेब साधा आहे. हिवाळ्यातही दिवसाला चार-पाच लिटर पिण्यात जातात, रात्रीच्या स्वयंपाकाला दीड-दोन लिटर. एक रात्र रानात काढायची असेल तर एल रोसारिओ सोडताना आठ ते दहा लिटर पाणी सायकलवर हवे. म्हणजे तेवढेच किलो वजन, आणि समोर चढ. हे वजन मागच्या कॅरिअरवर उंच रचण्याऐवजी पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना खाली विभागून लावले तर हँडल डुलत नाही. नळाचे पाणी मेक्सिकोत स्थानिकही पीत नाहीत. गावोगावी ‘पुरिफिकादोरा’ नावाची शुद्ध पाण्याची दुकाने असतात. तिथे स्वतःच्या बाटल्या अगदी थोडक्या पैशांत भरून मिळतात. दर वेळी प्लास्टिकच्या नव्या बाटल्या विकत घेणे महागही पडते आणि रिकाम्या बाटल्या टाकायला वाळवंटात कचरापेटी नसते.

कष्टांचे मोलही याच टप्प्यात वसूल होते. काताविन्याभोवती घराएवढ्या ग्रॅनाइटच्या शिळा मैलोन्मैल विखुरल्या आहेत. त्यांच्यामधून कार्दोन निवडुंग उभे असतात, जगातल्या सर्वांत उंच निवडुंगांपैकी एक. शेजारी सिरिओ नावाचे झाड, मुळा उलटा रोवावा तसे खाली जाड आणि वर निमुळते. सिरिओ जवळजवळ फक्त याच द्वीपकल्पात उगवते. समुद्रापलीकडे सोनोरा राज्यात थोडे आहे, बाकी जगात कुठेच नाही. इथे पन्नास किलोमीटरचा दिवस ठेवावा. शंभर मारून हा भाग ओलांडणारा माणूस बाहात कशाला आला, असे विचारावेसे वाटते.

गेरेरो नेग्रोजवळ अठ्ठाविसाव्या अक्षांशावर राज्य बदलते आणि हिवाळ्यात घड्याळ एक तास पुढे जाते. याच हद्दीवर शेतमालाची तपासणी असते. संत्री-मोसंबीसारखी फळे काढून घेतली जातात. जपून ठेवलेली संत्री हद्दीच्या अलीकडेच खाऊन टाकावीत. गाव दिसायला रुक्ष आहे, मिठागरांवर जगणारे. पण जानेवारी ते मार्च या काळात जवळच्या ओहो दे लिएब्रे खाजणात करडे देवमासे आर्क्टिककडून येऊन पिलांना जन्म देतात. १९९३ पासून हे क्षेत्र युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. परवाना असलेल्या लहान होडीतून देवमासे अगदी जवळून पाहता येतात. त्यासाठी इथे एक दिवस राखून ठेवावाच.

रस्त्याची कड

बाहाच्या महामार्गाला कित्येक ठिकाणी कडच नाही. पांढरी रेघ संपली की डांबर संपते आणि खाली खडीचा उतार. दोन ट्रक समोरासमोर येऊन नेमके सायकलजवळ एकमेकांना ओलांडणार असतील, तर तिसऱ्याला जागा उरत नाही. अशा वेळी हक्काची भाषा सोडून सरळ खाली उतरावे. हे आधी कळायचे तर डाव्या हँडलला आरसा हवा. मेक्सिकोत वाहतूक उजव्या बाजूने चालते, आणि भारतात सवय झालेल्या माणसाला पहिले दोन दिवस डावीकडे मागून येणाऱ्या गाडीचा अंदाज येत नाही. भडक रंगाचे जाकीट आणि दिवसाही लुकलुकणारा मागचा दिवा यांत काटकसर नको. ट्रकचालक बहुतेक सौजन्याने वागतात, मागे थांबून राहतात. थकलेले, घाईतले, हाऊसबोटीएवढ्या गाड्या चालवणारे परदेशी पर्यटक त्यांच्याहून जास्त धोक्याचे.

डांबर नकोच असेल, तर ‘बाहा डिवाइड’ हा कच्च्या रस्त्यांचा मार्ग आहे. निकोलस कारमन आणि लेल विल्कॉक्स या दोघांनी तो जोडून २०१६ मध्ये खुला केला. सुमारे २,७०० किलोमीटरचा हा मार्ग जवळजवळ सगळा कच्चा आहे, आणि त्यावर तीन इंच रुंद टायर लागतात. तिथे पाणी आणखी दुर्मीळ. पहिल्याच सफरीसाठी तो निवडू नये.

सायकल कोणती, यावर चर्चा करणारे पुष्कळ भेटतात. स्टीलची साधी मजबूत चौकट, ४० ते ५० मिलिमीटर रुंद टायर आणि चढासाठी खूप हलका गिअर एवढे असले की पुरे. ट्यूब मात्र मोटारीसारख्या जाड व्हॉल्व्हची घ्यावी. कारण प्रत्येक गावाच्या वेशीवर ‘यान्तेरा’ म्हणजे टायरवाल्याचे दुकान असते, तिथला कॉम्प्रेसर त्याच व्हॉल्व्हला बसतो. रस्ता सोडून सायकल रानात नेताना काळजी घ्यावी लागते ती सराट्याची. आपल्या माळरानांवर पायात घुसणारा हाच सराटा तिथेही ट्यूबा फोडतो, आणि त्याच्या जोडीला चोया निवडुंगाचे काटे. तंबूच्या जागेपर्यंत सायकल उचलून न्यावी, आणि टायरमध्ये भोके बुजवणारा द्रव भरून ठेवावा. सुटे भाग म्हणून दोन ट्यूब, चेनच्या जोडकड्या, मागच्या चाकाच्या मापाचे स्पोक, ब्रेकचे पॅड आणि मागचा गिअर अडकतो तो हँगर बरोबर हवा. हँगर प्रत्येक चौकटीचा वेगळा असतो. तो मोडला तर एन्सेनादा आणि ला पास यांच्या मध्ये मिळण्याची आशा करू नये.

पोटाची सोय

मेक्सिकोत सायकलस्वार उपाशी राहत नाही. तोर्तियेरियातून किलोवर मिळणाऱ्या गरम तोर्तिया, उकडून घोटलेल्या घेवड्याचे फ्रिहोलेस, अंडी, चीज, ॲव्होकाडो यावर दिवस छान निघतो. किनाऱ्यावर माशांचे ताको. दुपारच्या जेवणाला ‘कोमिदा कोरिदा’ मागावी: सूप, भात, मुख्य पदार्थ आणि पेय अशा ठरलेल्या थाळीत पैसेही वाचतात.

शाकाहारी माणसाने मात्र नीट समजावून सांगायला हवे. ‘कार्ने नको’ म्हटल्यावर कोंबडी वाढली जाते, कारण कार्ने म्हणजे गोमांस किंवा डुकराचे मांस असे खानावळीत धरतात. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ असे तिन्ही उच्चारावे. त्यापुढे फ्रिहोलेसमध्ये ‘मान्तेका’ आहे का, हेही विचारावे. डुकराच्या चरबीची फोडणी फार ठिकाणी असते. भातात कोंबडीचे पाणी असते. निवडुंगाच्या पानांची भाजी, म्हणजे नोपालेस, हा चांगला पर्याय. तिखटाची चिंता मराठी माणसाने करू नये: मिरची मुळात याच भूमीतली, पोर्तुगीजांबरोबर ती गोव्याकडे आली. चिकूही इथलाच. उलट दिशेने आंबा मनिलाहून स्पॅनिश गलबतांतून मेक्सिकोत पोचला, आणि मासात्लानच्या दक्षिणेला आज आंब्याच्या बागा आहेत. हिवाळ्यात जाणाऱ्याला त्या नुसत्या पाहाव्या लागतात.

पोट बिघडले तर औषधाच्या कुठल्याही दुकानात ‘सुएरो’ मागावे, क्षार-साखरेचे पाणी मिळते. रोख पेसो बरोबर असू द्यावेत. कार्डाचे यंत्र मोठ्या गावांतच चालते.

रात्र कुठे काढावी

सान इग्नासिओ हे खजुरांच्या बनातले गाव. तिथून पुढे रस्ता उतरून कोर्तेसच्या समुद्राला लागतो. सांता रोसालिआ एका फ्रेंच तांबे-कंपनीने वसवले. तिथली लाकडी घरे, लोखंडी पत्र्यांचे चर्च आणि जुनी बेकरी पाहायला दोन तास थांबावे. मुलेहेच्या पुढे बाहिया कॉन्सेप्सिऑन येते, आणि सफरीतली सर्वांत सुंदर मुक्कामाची ठिकाणे याच उपसागरावर आहेत. सान्तिस्पाक, एल कोयोते, एल रेकेसोन अशा पुळणींवर थोडे पैसे देऊन झावळ्यांच्या छपराखाली तंबू ठोकता येतो. एल रेकेसोनला ओहोटीच्या वेळी वाळूच्या पट्ट्यावरून समोरच्या बेटावर चालत जाता येते. पिण्याचे पाणी मात्र मुलेहेहूनच भरून आणायचे.

निर्जन जागी एकट्याने तंबू ठोकण्याबद्दल स्पष्ट बोलायला हवे. एप्रिल २०२४ मध्ये एन्सेनादाच्या दक्षिणेला एकाकी किनाऱ्यावर उतरलेल्या तीन परदेशी सर्फर तरुणांची हत्या झाली. गाडीच्या चाकांसाठी हल्ला झाल्याचे तपास यंत्रणेने सांगितले. २०१८ मध्ये दूर दक्षिणेला, चिआपास राज्यात, दोन युरोपीय सायकलस्वार मारले गेले. आधी तो अपघात म्हणून नोंदवला होता. हजारो लोक बाहातून सुखरूप जातात हेही तितकेच खरे. पण उत्तरेकडच्या भागात, एल रोसारिओपर्यंत, मुक्काम लॉजमध्ये किंवा माणसांच्या वस्तीतच करावा. त्यापुढे रान्चोचे अंगण मागावे, अग्निशमन केंद्रात विचारावे. ‘वॉर्मशॉवर्स’ या सायकलस्वारांच्या जाळ्यातून गावागावांत यजमान मिळतात. रानात उतरायचेच झाले तर कुणी पाहत नसताना रस्ता सोडावा आणि दिवा लावू नये. लष्कराच्या चौक्या लागतात, सामान उघडून पाहतात. गॉगल काढून नमस्कार करावा, कॅमेरा आत ठेवावा. संकटात ९११ हा क्रमांक लागतो.

बोट

लोरेतोला १६९७ मध्ये स्थापन झालेल्या जेझुइट मिशनची वास्तू आहे. त्यापुढे रस्ता खिगांता डोंगर चढतो आणि मग सिउदाद कॉन्स्तितुसिऑनच्या सपाट मैदानात शिरतो. हे मैदान कंटाळवाणे आहे. शेवटचे दोनशे किलोमीटर कुणी बसने काढले तर त्यात काही कमीपणा नाही.

ला पासचे बोटीचे बंदर शहरात नाही. ते पिचिलिंगेला, सुमारे वीस किलोमीटर दूर आहे, आणि वाटेत चढ-उतार आहेत. बोट रात्रीची असली तरी दिवसाउजेडी तिथे पोचावे. बोट रोज सुटते असे गृहीत धरू नये. उत्तरेचा जोराचा वारा सुटला की बंदर बंद होऊन वेळापत्रक कोलमडते. पुढचे विमान पकडायचे असेल तर मध्ये दोन दिवस मोकळे ठेवावेत. ही मुळात मालवाहू ट्रकांची बोट आहे. सायकल खालच्या डेकवर ट्रकांच्या मध्ये उभी करावी लागते, म्हणून बांधायला स्वतःची दोरी किंवा पट्टे न्यावेत. प्रवासात खाली जाऊ देत नाहीत. अंथरूण, औषधे, पासपोर्ट, स्वेटर वर घेऊन यावे. वातानुकूलित बैठकीच्या खोलीत रात्री दात वाजतात.

मासात्लान

पाच लाखांच्या आसपास वस्तीचे हे बंदर. बोटीचा धक्का दक्षिण टोकाला आहे, तिथून जुने शहर दोन-तीन किलोमीटर. नव्या, उंच हॉटेलांची वस्ती उत्तरेला ‘सोना दोरादा’ भागात आहे; सायकलस्वाराने तिकडे जायचे कारण नाही. जुन्या शहरात प्लासुएला माचादोच्या आसपास खोली घ्यावी. पायी फिरण्याजोग्या गल्ल्या, रंगवलेल्या भिंती, संध्याकाळी चौकात मांडलेली टेबले. जवळच आंखेला पेराल्ता नाट्यगृह. एकोणिसाव्या शतकातली ही विख्यात मेक्सिकन गायिका १८८३ मध्ये आपल्या संचासह या शहरात आली आणि पीतज्वराने इथेच वारली. तिच्या संचातले बरेच कलावंतही त्याच साथीत गेले. पुढे नाट्यगृहाला तिचे नाव दिले गेले. १९७५ च्या चक्रीवादळाने त्याची दुर्दशा केली होती, नंतर ते पुन्हा उभे केले.

इथे किमान तीन-चार दिवस थांबावे. पहिला दिवस सायकलचा. बाहाची बारीक वाळू आणि समुद्राचे खारे पाणी चेन, ब्रेक आणि बेअरिंग खाऊन टाकते. गोड्या पाण्याने सायकल धुऊन, चेन मोजून, ताणलेली असेल तर बदलूनच पुढे निघावे. ला पासनंतर चांगली दुकाने इथेच भेटतात. कपडे किलोवर धुऊन देणाऱ्या ‘लावान्देरिया’ सगळीकडे आहेत.

उरलेले दिवस शहराचे. समुद्राकाठचा मालेकॉन हा फरसबंद रस्ता सुमारे २१ किलोमीटर लांब आहे, जगातल्या सर्वांत लांब किनारी रस्त्यांत त्याची गणना होते. सामान उतरवून ठेवलेल्या सायकलवर सकाळी ओलास आल्तासपासून उत्तरेकडे जाऊन यावे. महिनाभर ओझे ओढलेल्या पायांना ही सपाटी बक्षीस वाटते. दक्षिणेला क्रेस्तोन टेकडीवर दीडशे मीटरहून उंचावर दीपगृह आहे, तिथे पायी चढावे, तेही ऊन चढण्याच्या आधी. छोट्या होडीने खाडी ओलांडली की इस्ला दे ला पिएद्रा. माडांची बने, लांब पुळण, होडीत सायकलही घेतात.

मासात्लान कोळंबीचे शहर आहे. ‘चांगेरास’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बायका रस्त्याकडेला बसून ताजी कोळंबी विकतात, आणि ती जवळच्या खानावळीत शिजवून मिळते. आग्वाचिले म्हणजे लिंबू-मिरचीत मुरवलेली कच्ची कोळंबी. गर्दीच्या ठिकाणी दुपारी खावी, आणि पुढच्या दिवशी लांब पल्ला असेल तर खाऊच नये.

कार्निव्हलच्या आठवड्यात, म्हणजे फेब्रुवारी किंवा मार्चच्या सुरुवातीला, खोल्या मिळत नाहीत. १८९८ पासून इथे हा उत्सव संघटितपणे होतो. तो पाहायचाच असेल तर आरक्षण खूप आधी करावे. नसेल तर तारखा पाहून तो आठवडा टाळावा. ईस्टरच्या आठवड्याचेही तेच.

पुढे कुठे?

मासात्लानला सायकलस्वाराने विश्रांती घ्यावी, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे निर्णय घ्यावा. इथून पूर्वेला दुरांगोकडे जाणारा जुना रस्ता सायकलस्वारांच्या जगात प्रसिद्ध आहे. समुद्रसपाटीपासून अडीच हजार मीटरच्या वर चढणारा, ‘एस्पिनासो देल दिआब्लो’ म्हणजे सैतानाचा कणा नावाचा घाट. २०१३ मध्ये बोगद्यांचा नवा टोलरस्ता खुला झाला, त्यावरचा बालुआर्ते पूल दरीपासून सुमारे चारशे मीटर उंच आहे. ट्रक तिकडे गेले आणि जुना घाट सायकलींसाठी जवळजवळ मोकळा झाला. निव्वळ रस्ता म्हणून पाहिले तर याच्या तोडीचा घाट मेक्सिकोत क्वचितच सापडेल.

पण मासात्लान ज्यात येते त्या सिनालोआ राज्यात सप्टेंबर २०२४ मध्ये अमली पदार्थांच्या टोळीतल्या दोन गटांत उघड युद्ध पेटले. कुलिआकान त्याचे केंद्र असले तरी झळ डोंगराळ तालुक्यांनाही बसली, आणि हा घाट ज्या कॉन्कोर्दिआ भागातून जातो तोही त्यात आला. अमेरिकी परराष्ट्र खात्याने सिनालोआला ‘जाऊ नका’ या सर्वांत कडक श्रेणीत ठेवले. बाहाच्या दक्षिण राज्याला मात्र खालची, सावधगिरीची श्रेणी मिळाली. हा फरक लक्षात घ्यावा. परिस्थिती बदलते, त्यामुळे निघायच्या आठवड्यात ताज्या सूचना वाचाव्यात आणि मासात्लानमधल्या सायकल दुकानदाराला व खोलीच्या मालकाला वेगवेगळे विचारावे. दोघांची उत्तरे जुळली नाहीत, किंवा कुणी जरा थांबून बोलले, तर घाट सोडून द्यावा. शहराबाहेरचा सिनालोआ सायकलने न करता बसने ओलांडणे हा सध्या तरी योग्य मार्ग.

बसचे काम अवघड नाही. तेपिक किंवा ग्वादालाहाराकडे जाणाऱ्या गाड्या मोठ्या असतात, पोटात सामानाचा भला मोठा कप्पा असतो. तिकीट काढतानाच सायकल असल्याचे सांगावे आणि सकाळची बस निवडावी. पुढचे चाक आणि पेडल काढून, हँडल आडवे फिरवून, चेनच्या बाजूला पुठ्ठा बांधून सायकल न्यावी; मागचा गिअर वरच्या बाजूला येईल अशी ठेवावी, त्यावर कुणाची सूटकेस पडू देऊ नये. जादा पैसे लागतील की नाही हे बहुधा चालकावर असते, तेव्हा सुटे पेसो खिशात ठेवावेत. सफर इथेच संपवायची असेल, तर विमानतळ शहराच्या आग्नेयेला वीसेक किलोमीटरवर आहे. पुठ्ठ्याचे खोके सायकलच्या दुकानात मागितले तर मिळते, पण ते आदल्या दिवशी सांगून ठेवावे लागते, आणि विमानकंपनीकडे सायकलची नोंद तिकिटाबरोबरच करावी.